बाईंच्या हातचं झाड

आमच्या शाळेत शिकवायला आम्ही अकरा जणी होतो, आणि मुलींच्या लेखी अकराही जणी बाईच. तरी नुसतं 'बाई' म्हटलं की ते एकाच बाईंना लागू व्हायचं. बाकीच्यांच्या आधी विषय लावावा लागे. भूगोलाच्या बाई, गाण्याच्या बाई, शिवणाच्या बाई. शिवणाची मी. त्या शास्त्र शिकवायच्या, पण त्यांना शास्त्राच्या बाई म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तेव्हाचं बोरिवली म्हणजे जवळजवळ गावच होतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे भातशेतं आणि नव्यानं उठणाऱ्या चाळी. अशा ठिकाणी एखादी बाई विषयाशिवाय ओळखली जाते, म्हणजे ती एक तर फार चांगली असते नाही तर फार त्रासदायक. आमच्या बाई दोन्ही होत्या.

उंच, काटकुळ्या, आणि चालणं असं की मागून हाक मारावी तर ती पोचेपर्यंत त्या पुढच्या वळणावर. अंगावर फिकट रंगाचं बिनकाठाचं पातळ, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट. बूट मळले की त्या वर्गातल्या खडूनंच पांढरे करायच्या, आणि कुणी बघितलं तर म्हणायच्या, "शाळेचा खडू शाळेच्याच जमिनीवर झिजतोय, तुझं काय गेलं?" कमरेला काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग असायचं. कपाळ मोकळं. लग्नानंतर दोन वर्षांतच त्यांचे यजमान विषमज्वरानं गेले होते. हे त्या पहिल्या भेटीतच स्वतःहून सांगून टाकत, आपला पत्ता सांगावा तितक्या सहज. "नाही तर तू आडून आडून विचारणार, मी आडून आडून सांगणार, त्यात दोघींचाही वेळ जाणार," असं मला म्हणाल्या होत्या.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. मसणवटीच्या वाटेवरच्या चिंचेखाली भर दुपारी बसलं की ताप येतो, असं मी शिक्षकखोलीत बोलून गेले. मला ते आमच्या घरमालकिणीनं सांगितलं होतं. बाईंनी वह्यांतून मान वर केली.

"पाहिलंस की ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला डब्यासकट त्या चिंचेखाली नेलं. मी जीव मुठीत धरून पोळीभाजी खाल्ली. ताप आला नाही, लाल मुंग्या मात्र आल्या, आणि त्यांतली एक भिंगाखाली धरून बाईंनी मला तिच्या मिशा दाखवल्या. परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चिंचेखाली मुंग्या आहेत. तापाचं अजून नक्की नाही, आठ दिवस हिच्यावर लक्ष ठेवा." पुढचे आठ दिवस दिसेल ती माझं कपाळ चाचपून बघत होती.

कुणी यात्रेला निघालं की लोक प्रसाद मागतात. बाई माती मागायच्या. "काशीला चाललात? येताना चिमूटभर आणा, गंगेची नको, तुम्ही उतरलात त्या अंगणातली आणा." अशा मात्या रिकाम्या काडेपेट्यांत भरून, वर कागदाची पट्टी चिकटवून त्यांनी खोलीतल्या फळीवर रचल्या होत्या. दहिसरच्या नदीची वाळू, दिंडोशीच्या टेकडीची तांबूस माती, आरे कॉलनीतल्या गोठ्यामागची काळीभोर. एकदा त्यांनी माझ्यादेखत एक चिमूट जिभेवर ठेवली, विचार केला, आणि खिडकीबाहेर थुंकून म्हणाल्या, "खारट. ह्या मनुष्यानं आणलीय वसईहून, सांगतोय नाशिकची."

संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू व्हायचं. पहिल्याच वर्षी मी पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी, अगदी मायेनं त्यांना सांगितलं, "तुम्ही आतल्या खोलीत बसा हं, तुमचं तिळगूळ आत पाठवते." बाईंनी खुर्ची उचलली ती बरोबर उंबऱ्यावर आणून ठेवली. ना आत, ना बाहेर. येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला त्यांच्या गुडघ्याला वळसा घालूनच जावं लागत होतं. आणि तबक फिरू लागलं तशा त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कुंकू नको, वाण नको. तिळगूळ इकडे द्या. तिळाला नवरा लागत नाही." कुणाला हसावं की नाही कळेना. मी हसले, आणि मग घाबरले, कारण माझी नेमणूक दर मार्चला नव्यानं व्हायची होती.

झाडाची गोष्ट त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची नवी इमारत उभी राहिली. शाळेचे कार्यवाह पेशानं वकील. त्यांनी कोर्टाच्या सुट्टीत रोज उन्हात उभं राहून ती बांधून घेतली. हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. शाळेसाठी त्यानं रक्त आटवलं होतं. फक्त आपण केलं ते चुकलं असेल ही शंका त्याच्या डोक्याला कधी शिवली नव्हती. त्या सुमारास पावसाळ्यात झाडं लावायचे समारंभ सगळीकडे सुरू झाले होते. आमच्याकडेही सरकारी खात्यातले एक साहेब यायचं ठरलं. ऐन वेळी त्यांनी तारीख अलीकडे आणली. मग धावपळ. आरेच्या बाजूच्या रोपवाटिकेतून ताम्हणाचं कमरेएवढं रोप आलं. शोभेचं झाड, जांभळी फुलं येतात, फाटकातून शिरल्याबरोबर दिसेल असं मधोमध लावायचं.

साहेबांनी फावड्यानं नावापुरती माती लोटली. त्यानंतर सवाष्णीनं पाणी घालायचं, ते काम मोठ्या बाईंचं. पण त्या तापानं घरी. शिपाई शिवराम पाण्याचा तांब्या घेऊन उभा. त्यानं जवळ दिसल्या त्या बाईंच्या हातात तो दिला, आणि बाईंनी तो सरळ मुळाशी ओतला. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी चहाचिवडा घेतला. आमचे कार्यवाह तेवढे तांब्याकडे बघत राहिले.

श्रावणात पानं पिवळी पडू लागली.

मग जो तो वैद्य झाला. प्रत्येक इयत्तेनं पाळी लावून पाणी घातलं. मोठ्या बाईंनी शेण घातलं. भूगोलाच्या बाईंनी चहाचा चोथा. मी रोज घरून तांदळाचं धुवण नेत होते. शिवराम मासळी धुतलेलं पाणी आणायचा, त्यामुळे पहिल्या दोन वर्गांत मांजरं शिरू लागली. कार्यवाहांनी दृष्ट लागली म्हणून लिंबूमिरची बांधली. बाई ती बघून म्हणाल्या, "बांधण्यापेक्षा मुळाशी पिळलं असतंत तर थोडा तरी उपयोग झाला असता." आम्हाला वाटलं, नेहमीचा तिरकसपणा. तो तसा नव्हता, हे पुढे कळलं.

एका दुपारी त्यांनी मला झाडाशी नेलं आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"काय दिसतंय?"

"पिवळं पान."

"अगं, सगळं पिवळं आहे का?"

नीट पाहिलं. पान पिवळं, पण शिरा हिरव्या. बारीक बारीक शिरासुद्धा, हिरव्या दोऱ्यानं टाके घालावेत तशा. हे मला शिवणवालीला तरी आधीच दिसायला हवं होतं.

"आता खालची जुनी पानं बघ. बरी आहेत. शेंड्याची कोवळी जास्त पिवळी आहेत. जुनी गेली असती तर म्हटलं असतं उपाशी आहे. हे उपाशी नाही. ह्याच्या ताटात वाढलंय सगळं, घशाखाली उतरत नाही. मुळाशी काहीतरी आहे."

मुळाशी काय आहे ते कळायच्या आत कागद निघाला.

कार्यवाहांच्या वळणदार अक्षरातलं निवेदन होतं ते. वृक्षारोपणाच्या मंगल प्रसंगी पाणी घालण्याचे कार्य अनवधानाने अयोग्य हातून घडले, त्याचे परिणाम सर्वांसमोर आहेत, सबब यापुढे संबंधित शिक्षिकेने त्या वृक्षाजवळ जाऊ नये, संमेलनात पुढे बसू नये, आणि पुढील वर्षी त्यांना ठेवण्याबाबत मंडळाने विचार करावा. खाली आम्हा शिक्षिकांच्या सह्या. कार्यवाह स्वतः कागद घेऊन खोलीत आले. मला म्हणाले, "तुम्ही सुशिक्षित आहात, मी जबरदस्ती करत नाही. पण मार्चमध्ये तुमचाही कागद माझ्यासमोर येणार, तेव्हा आठवण राहते माणसाला."

मी सही केली. सातवी माझी. तेव्हा यजमानांची नोकरी सुटलेली होती, घरात दीर शिकत होता, ही कारणं खरी आहेत. पण त्या कारणांनी सही पुसली जात नाही, हेही खरं. त्या दिवशी मला माझी स्वतःची लाज वाटली, इतकी की पुढच्या तासाला मुलींना काजं शिकवताना सुई दोनदा बोटात गेली.

संध्याकाळी मी बाईंना गाठून सांगितलं. "बाई, मी सही केली."

"वाचून केलीस की न वाचता?"

"वाचून."

"बरं झालं. न वाचता केली असतीस तर मला तुझी कीव आली असती." मग म्हणाल्या, "राग आलाय मला तुझा. दोन दिवस माझ्याशी बोलू नकोस. तिसऱ्या दिवशी ये, काम आहे."

त्यांनी रागाला अशी तारीख घालून दिल्यानं मी रडायचीही थांबले.

त्या दोन दिवसांत शिवराम त्यांच्याकडे गेला. हे मला त्यानंच फार पुढे सांगितलं. "बायनु, थंय चुन्याचो खड्डो होतो," तो म्हणाला. इमारतीसाठी गवंड्यांनी कळीचा चुना तिथेच खड्डा करून भिजवला होता. समारंभाच्या आदल्या दिवशी शिवराम पहार घेऊन त्याच्या बाजूला खणायला गेला, तर खाली नुसता खडक. तेव्हा कार्यवाह म्हणाले, अरे, तो आयता खड्डा आहे की, त्यातच लाव, वर दोन पाट्या तांबडी माती टाक. "माजा नाव घेव नकात, बायनु. पोटार पाय येतलो."

बाईंनी त्याचं नाव घेतलं नाही. कधीच नाही. त्याला त्या इतकंच म्हणाल्या, "तू मला काही सांगितलं नाहीस. मातीलाच विचारते."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला घरून वाटीभर हळद आणायला सांगितली. मधल्या सुट्टीत त्यांनी नववी आणि दहावीच्या मुली झाडाभोवती उभ्या केल्या आणि कार्यवाहांना निरोप पाठवला की शास्त्राचा एक प्रयोग आहे, मंडळातर्फे कुणी पाहावा. कार्यवाह आले, कारण त्यांना वाटलं बाई माफी मागणार. बाईंनी पितळेच्या दोन वाट्यांत पाणी घेतलं, दोन्हींत हळद कालवली. पहिल्या वाटीत फाटकाजवळची माती टाकली. पाणी पिवळं ते पिवळंच. मग झाडापासून हातभर अंतरावर पहार घातली, ती कोपरभर खोल गेल्यावर टोकाला लागून आलेला पांढुरका चिखल त्यांनी बोटानं काढला आणि दुसऱ्या वाटीत ढवळला.

पाणी लालभडक झालं. बोटंही तशीच.

"अगंबाई, कुंकू!" पुढची एक मुलगी ओरडली.

"कुंकू नव्हे, चुना," बाई म्हणाल्या. "हळदीला चुना लागला की ती लाल होते. तुमच्या आयांना ठाऊक आहे, आज्यांना ठाऊक आहे. ह्या झाडाच्या पायाखाली चुन्याचा थर आहे. मुळं त्यात बुडाली आहेत. पिवळं नाही पडणार तर काय होणार?"

लिंबू मुळाशी पिळा म्हणाल्या होत्या ते उगीच नव्हतं, आंबटानं चुना मरतो. मला वाटलं, संपलं. एवढं डोळ्यांदेखत झाल्यावर कोण काय बोलणार? पण कार्यवाह बघत होते ते बाईंच्या लाल बोटांकडे. त्यांचा चेहरा उतरला होता. हळू आवाजात म्हणाले, "बाई, हा अभद्र प्रकार मुलींसमोर नको होता. तुमच्या हाताला कुंकू..."

"मला कुंकू नकोय. मला एक फावडं, एक घमेलं आणि उद्याची मधली सुट्टी हवी आहे."

त्यांनी मुलींना वर्गात पिटाळलं आणि बाईंना बाजूला घेतलं. मी वाट्या गोळा करायच्या निमित्तानं तिथेच रेंगाळले. ते बोलले ते अगदी समजुतीनं. झालं ते झालं. दिवाळीच्या सुट्टीत शाळेत कुणी नसताना गवंडी बोलावून झाड दुसरीकडे हलवू. तुम्ही लांब राहा. ह्या चुन्याचं कुठे बोलू नका, मीही कागद पुढे नेणार नाही.

"कागद फाडणार?"

"फायलीत राहील. पण मी बाहेर काढणार नाही."

"म्हणजे झाड जगलं तर मी लांब राहिले म्हणून, आणि मेलं तर माझ्या पाण्यानं." बाईंनी बोटं झाडाच्या आळ्यात पुसली. "छान वकिली आहे. आणि दिवाळीपर्यंत हे तग धरणार नाही. शेंडा वाळायला लागलाय. उद्याच हलवते मी."

"तुम्हाला परवानगी नाही."

"ते माझ्या लक्षात आलंय."

मला इथे एक सांगायचं आहे. त्यांना थांबणं सहज शक्य होतं. संमेलनापर्यंत झाड वाळू द्यायचं, मग साहेबांसमोर तोच हळदीचा प्रयोग करायचा, कार्यवाहांची पुरती फजिती झाली असती. मी त्यांना तसं सुचवलंही. त्या "आणि झाडाचं काय?" एवढंच म्हणाल्या. मला वर तोंड करून बघवेना.

आरेहून खत घेऊन येणाऱ्या एका बैलगाडीवाल्याला त्यांनी आधीच गाठलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गाडीतून दिंडोशीच्या टेकडीची माती आली. नवा खड्डा फाटकाच्या उजव्या हाताला, तिथे खडक नव्हता. तो शिवरामनं आणि बाईंनी शाळा भरायच्या आधीच खणला होता. मधली सुट्टी झाली. दोनशेच्या वर मुली, बाकीच्या दहा जणी आम्ही, सगळे बघत होते. बाईंनी पदर खोचला, बूट काढून कडेला ठेवले, आणि त्या चुन्याच्या खड्ड्यात गुडघे टेकून बसल्या. हात खांद्यापर्यंत आत. मुळांना चिकटलेला चुना त्या बोटांनी सोडवून काढत होत्या, लहान पोराच्या केसांतला गुंता सोडवावा तसा. हाताची कातडी चुन्यानं भाजत होती, लाल झाली होती. "बाई, मी धरते," म्हणून मी शेवटी उतरले. माझ्या बांगड्या चिखलात बरबटल्या. मागून भूगोलाच्या बाईंचा आवाज आला, "अगं, तू कशाला?" मी उत्तर दिलं नाही, आणि त्यानं मला फार बरं वाटलं.

झाड नव्या जागी उभं राहिलं. कार्यवाह फाटकाशी आले तेव्हा बाई आळं करत होत्या.

"बाई, हे जर मेलं," ते म्हणाले, "तर मला कुणी काही विचारायला येऊ नये."

"तो कागद आहे का तुमच्याजवळ?"

कागद त्यांच्या कोटाच्या खिशात होता. बाईंनी चिखलाचा हात पुढे केला. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तो दिला. बाईंनी माझ्या पाठीवर ठेवून आमच्या सह्यांच्या खाली लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलंही. मागच्या वेळी मी फक्त तांब्याभर पाणी घातलं होतं. आज हे झाड मी माझ्या दोन्ही हातांनी, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर लावलं आहे. जगलं तरी माझ्या हातचं, मेलं तरी माझ्या हातचं. खाली सही, तारीख, आणि एक चिखलाचा अंगठा, तो मात्र चुकून उमटलेला.

"आता न्या मंडळात," म्हणून त्यांनी कागद परत दिला.

आठ दिवसांत झाडाची होती नव्हती ती सगळी पानं गळली.

ते पाच महिने मी विसरणार नाही. संमेलन झालं. साहेब पुन्हा आले. आपण इथे झाड लावलं होतं हे त्यांना आठवतही नव्हतं, ते सरळ त्या काठीच्या शेजारून हार घालून घ्यायला निघून गेले. बाई पुढच्या रांगेत, मुलींबरोबर जमिनीवर बसल्या. पुढे बसू नका म्हणून सांगायला दोघीतिघी जाऊन आल्या. "इथून ऐकू येतं," एवढं उत्तर मिळालं.

कार्यवाह जाता-येता विचारायचे, "काय बाई, काठी पाणी पिते का?"

"पिते. तुम्हाला दिसायला फाल्गुन उजाडेल."

दर शनिवारी त्या सालीवर नखानं एक बारीक ओरखडा काढायच्या. आत हिरवं दिसायचं. तो हिरवा रंग मी जन्मात विसरले नाही, पण पौषातल्या एका शनिवारी तो मला फिका वाटला, आणि बाईंनाही वाटला असावा, कारण त्या दिवशी त्या माझ्याशी काहीही न बोलता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी रविवार असून त्या शाळेत पाणी घालताना दिसल्याचं शिवरामनं सांगितलं. त्या घाबरल्या होत्या. मंडळाची सभा चैत्रात होती. त्या रविवारी मी शाळेत असते तर सांगितलं असतं की घाबरा, तुम्हीही घाबरता हे कळून आम्हाला बरं वाटेल.

फाल्गुन संपता संपता शेंड्याच्या खाली तांबूस कोंब फुटले. चार दिवसांत ते हिरवे झाले. नीट, सगळेच्या सगळे हिरवे, शिरांसकट. मुली ओळीनं येऊन भिंगातून बघून गेल्या. मंडळाच्या सभेत कार्यवाहांनी तो कागद काढला नाही, असं कळलं. काढला असता तर त्यात बाईंनी लिहिलेलंच खरं ठरत होतं. बाई नोकरीत राहिल्या. मीही राहिले. कुणीही कुणाची माफी मागितली नाही, आमच्या शाळेत तशी पद्धत नव्हती.

शाळा उघडल्यावर, जूनच्या अखेरीला, कार्यवाहांच्या मंडळी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, नऊवारी नेसलेल्या. आम्ही त्यांना हळदीकुंकवाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. त्या सरळ बाईंच्या टेबलाशी गेल्या. खोलीत आम्ही चौघी-पाचजणी होतो, सगळ्यांच्या वह्या तपासायच्या थांबल्या.

"माझ्या दारात सोनचाफा लावायचाय," त्या म्हणाल्या. "दोनदा लावला, दोनदा गेला. ह्या खेपेला तुमच्या हातानं लावून घ्यावा म्हणते. तुमच्या हाताला गुण आहे."

मला भरून आलं. कार्यवाहांच्या घरचं बोलावणं, तेही लावणीचं! मी बाईंकडे बघितलं. त्या मुळीच भरून आलेल्या नव्हत्या.

"हाताच्या गुणासाठी बोलावत असाल तर नाही यायची," त्या म्हणाल्या. "हाताला गुण नसतो, अवगुणही नसतो. तो एक हात असतो. झाड का गेलं ते बघायला बोलावत असाल तर येईन."

कार्यवाहांच्या मंडळी दचकल्या नाहीत. जरा वेळ विचार करून म्हणाल्या, "बघायला या मग."

"येईन. रविवारी सकाळी नऊला. पुढच्या दारानं येईन, मागच्या नाही. आणि खड्डा तुमच्या यजमानांनी खणायचा. स्वतः. आयता चालणार नाही."

मंडळींनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय, ते दिसलं नाही.

रविवारी मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेले. रस्त्यावर आणखी बरेच जण मुद्दाम आले होते. अंगणात कार्यवाह धोतर खोचून, घामानं निथळत पहार चालवत होते. कडेला वेताच्या मोड्यावर बसलेल्या त्यांच्या मंडळी, आणि खड्ड्याच्या काठावर बाई, हातात फूटपट्टी. ती त्यांनी खाली सोडली, वाकून पाहिली, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अजून वीतभर."